सहलीचे पैसे रोजच्या खर्चातून काढायचे आहेत. तुम्ही नेमकं काय कमी करता आणि ते पैसे ठेवता कुठे?

अंत्रूजवासी

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत केरळला जायचं घरात ठरलंय. कोची, मुन्नार, आलप्पुळा, सहा-सात दिवस. आम्ही दोघं, दोन मुलं आणि आई. हाउसबोट, गाडी, हॉटेलं धरून अंदाज ७० हजारांवर गेला. कर्ज काढून किंवा कार्डावर हप्ते पाडून फिरायचं नाही, यावर नवरा-बायकोचं एकमत आहे (दुर्मीळ गोष्ट, म्हणून मुद्दाम लिहितो). दहा महिने हातात आहेत, म्हणजे महिन्याला सात हजार.

पगारातून एकदम सात हजार उचलणं जमणार नाही, फ्लॅटचा हप्ता चालू आहे. म्हणून काल रात्री मोबाईलवरचे यूपीआयचे व्यवहार उघडून बसलो. एकच शनिवार देतो. सकाळी भाजी-पाव १२०, पेट्रोल २००, पोरांचं आइस्क्रीम १८०, दुपारी ऑनलाइन मागवलेला चार्जर ४४९ (घरात तीन चालू आहेत), संध्याकाळी फोंड्यात गाड्यावर रस-ऑम्लेट आणि कटलेट पाव मिळून ३४०. एकूण १,२८९. त्यातलं एकही बिल देताना 'खर्च केला' असं वाटलं नव्हतं.

पणजीला नोकरी, रोज स्कूटर. आठवड्यातून एकदा तरी बाहेरून जेवण येतं. यातून काय कापायचं? 'चहा सोडा' हा सल्ला कृपया नको. तो मला माझा मेहुणा फुकट देतो.

सुकें बांगडें

म्हापशाच्या बाजारात माझं छोटं दुकान आहे. माझं उत्तर एका शब्दाचं: पिग्मी.

आमच्याकडे एजंट रोज दुपारी जेवणाच्या आधी येतो. हातात ते छोटं मशीन, काखेत छत्री, आणि गल्ल्यासमोर उभा राहून काही बोलत नाही. तो नुसता उभा राहिला की हात आपोआप गल्ल्यात जातो. मी २०० देतो. शुक्रवारी बाजार असतो तेव्हा ५००. मशीनमधून चिठ्ठी निघते, ती मी खिळ्याला टोचतो. वर्षभर ते पैसे माझे नाहीतच असं समजायचं. त्यातूनच आमचं तिरुपती झालं, आणि कोल्हापूर-पंढरपूर तर नेहमीचं.

ही कल्पना काही आजची नव्हे. उडुपीच्या सिंडिकेट बँकेने १९२८ साली पिग्मी सुरू केली, तेव्हा रोजचे दोन आणे घ्यायचे. नंतर ती बँक कॅनरा बँकेत गेली, पण पिग्मी आमच्या बाजारात अजून चालते. व्याज फार मिळत नाही, ते खरं. पण खर्चाच्या आधी पैसे हातातून जातात, त्याची किंमत व्याजापेक्षा मोठी.

झुआरीपल्याड

बांगडेबाब, पिग्मी बरी, पण दोन गोष्टी नवीन माणसाला सांगायला हव्यात. मुदतीआधी मोडली तर बहुतेक ठिकाणी व्याज मिळत नाही, वर कमिशन कापतात ते वेगळं. आणि पैसे बँकेत जमा होतात की पतसंस्थेत, ते आधी विचारा. बँकेत, मग ती सहकारी का असेना, ५ लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण आहे. ही मर्यादा २०२० पासूनची, त्याआधी १ लाख होती. पतसंस्थेला तो विमा नाही. आमच्या भागात एका संस्थेत लोकांचे लग्नाचे पैसे अडकले, ते पाहिल्यापासून मी हा प्रश्न प्रत्येकाला विचारतो.

आता अंत्रूजवासींच्या प्रश्नाकडे. भाजी-पावावर कशाला बसलात? तुमचा खरा खर्च स्कूटर आहे. फोंडा ते पणजी जवळपास ३० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन ६०. लिटरला ४५ पडत असेल तर रोज सव्वा लिटरच्या वर. पेट्रोल ९६ च्या आसपास धरा, झाले १२८. महिन्याचे २२ दिवस कामावर गेलात तर २,८०० रुपये. टायर, ऑइल, ब्रेक यांचा हिशोब मी धरलेलाच नाही. फोंडा-पणजी कदंबची सरकारी बस आहे, पास काढा. नाहीतर ऑफिसातला कोणी त्याच बाजूने येत असेल तर आळीपाळीने एकाच गाडीवर या.

अंत्रूजवासी

आकडा बघून घाम फुटला. बसची अडचण एकच. संध्याकाळी साहेबांनी साडेसहाला फाइल काढली की पुढे स्टँडवर उभं राहण्याची कसरत. शिवाय मुलीचा क्लास सुटतो आठला, तिला आणायला गाडी हवी. तरी आठवड्यातले तीन दिवस बसने शक्य आहे. तेवढं नक्की करतो.

माटोळी

सगळं वाचलं. आता मी विचारते. तुमच्या यादीत तुमचा शनिवार आहे, तुमची स्कूटर आहे. वहिनींना कोणी विचारलं का? कारण माझा अनुभव असा की, घरात 'काटकसर' हा शब्द निघाला की आठ दिवस पुरुष चहा कमी पितात आणि नवव्या दिवशी सगळ्यांची नजर स्वयंपाकघराकडे वळते. 'इसवण कशाला, बांगडे चालतील.' 'नारळ अर्धाच घाल.' आणि तिकडे चार्जर चौथा येतो.

रागावू नका, पण हे आधी बोलून घ्या. जे कमी करायचं ते प्रत्येकाने आपापलं सांगायचं, दुसऱ्याचं नाही. आमच्याकडे हा नियम केला तेव्हा घरातल्या साहेबांनी क्रिकेटचं ॲप बंद केलं, मुलाने बाहेरचा शोर्मा महिन्यातून एकदाच घेईन म्हटलं, आणि मी दर चवथीला (गणेशचतुर्थीला) नवीन साडी घेते ती या वर्षी नको म्हटली. कोणी कोणाला सुचवलं नाही, म्हणून टिकलं.

स्वयंपाकघरात वाचतंच म्हणाल तर एकाच ठिकाणी वाचतं, ते म्हणजे मे महिन्यात. आम्ही पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, अजून नीट करतो. सुंगटं, बांगडे, मोरी सुकवलेली, वर्षाची मिरची, सोलां, मीठ, चिंच, कांद्याच्या माळा. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरना मासेमारी बंद. त्या दोन महिन्यांत ताजी मासळी कुठल्या भावाने जाते ते मडगावपासून म्हापशापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. घरात सुकी असली तर दुपारी किसमूर आणि सोलकढी, माणूस तक्रार करत नाही. तिसऱ्या दिवशी पावसात डिलिव्हरीवाल्याला हाक मारायची पाळी येत नाही, तिथे खरे पैसे वाचतात. पण मे महिन्यात एकरकमी खर्च येतो हे विसरू नका. त्या महिन्यात सात हजार बाजूला पडणारच नाहीत. म्हणून महिन्याला सारखाच आकडा धरू नका. चवथीच्या महिन्याला तर शून्य धरा. गणपतीवर बांधायच्या माटोळीचं सामान, नेवऱ्या, फटाके, भटजी, पाहुणे, आणि घरात लग्न झालेली मुलगी असेल तर तिच्या सासरी पाठवायचं सामान. त्या महिन्यात सहलीचं नाव जरी काढलं तरी भांडण.

मी स्वतः सरकारच्या गृह आधार योजनेचे महिन्याला १,५०० येतात ते वेगळ्या खात्यात पडू देते आणि त्या खात्याचं एटीएम कार्ड सासूबाईंकडे दिलंय. त्यांच्याकडून पैसे मागून घेण्यापेक्षा खर्च न केलेला बरा.

डिचोलीचो

मी नवीनच नोकरीला लागलोय, अजून लग्न नाही, तेव्हा माझं ऐका किंवा सोडून द्या. मोबाईलमध्ये असे ॲप आहेत की तुम्ही ४७ रुपये दिले की वरचे तीन रुपये बाजूला टाकतात. महिन्याचे चार-पाचशे नकळत जमतात. बाकी बँकेची आवर्ती ठेव सहा महिन्यांपासून पुढे मिळते, पगार झाला त्याच दिवशी कापून घ्यायची.

झुआरीपल्याड

डिचोलीच्या बाबा, ठेव बरोबर सांगितलीस. फक्त पोस्टातली आवर्ती ठेव या कामाला नको. ती पाच वर्षांची असते, महिन्याला १०० पासून भरता येते, पण तीन वर्षांच्या आत मोडता येत नाही. केरळ तोपर्यंत कुठे पळून जात नाही, पण मुलं मोठी होतील. बँकेची दहा महिन्यांची घ्या.

ते तीन-तीन रुपयांचं ॲप मात्र मला पटत नाही. चारशे जमवायला माणूस आठ हजार खर्च करतो आणि मनात म्हणतो बचत होतेय.

सीझनवाला

मी कांदोळीत हॉटेल लाइनला आहे, वीस वर्षं झाली असतील. 'महिन्याला इतके' हा हिशोब आमच्यासारख्यांना लागूच पडत नाही. ऑक्टोबर ते मार्च हातात पैसा, टिप्स वेगळ्या. ३१ मेला शॅक उतरले की किनाऱ्यावर कुत्रे आणि आम्ही. त्यामुळे आमची पद्धत उलटी. सीझनमध्ये टिप्स घरी न्यायच्याच नाहीत. दर सोमवारी बँकेत. पगारावर घर चालवायचं. नाताळ ते नवीन वर्ष या आठवड्यात जे येतं ते अख्खं प्रवासाचं.

आणि जायचं जूनअखेर किंवा जुलैत. पोरांची शाळा चार दिवस बुडते, बाईंना चिठ्ठी द्यायची. मी हॉटेलवाला म्हणून सांगतो, जी खोली आम्ही डिसेंबरात ज्या भावाने देतो तिचा जुलैमधला भाव ऐकलात तर तुम्हाला राग येईल. सगळीकडे तेच. तुम्ही वर्षभर भजी न खाता जे वाचवाल ते चुकीच्या आठवड्यात गेलात तर हॉटेलवाला एका रात्रीत घेऊन जाईल. मीच घेतो ना!

माटोळी

सीझनवाले, तुमचं बरं आहे, पण आमच्या पोरांची चाचणी बुडवली तर शाळा चिठ्ठीवर भागवत नाही. नोकरदारांना सुट्टी मिळेल तेव्हाच जावं लागतं.

पूर्वी कोचीत

नोकरीनिमित्त पाच वर्षं एर्नाकुळमला काढली, आता परत साखळीला. सीझनवाल्यांचा मुद्दा खरा आहे आणि माटोळीताईंचाही. मधला मार्ग सांगतो.

दिवाळीच्या आठवड्यात मुन्नारला गुजरात-महाराष्ट्राच्या गाड्यांची रांग लागते आणि हॉटेलं तोंडाला येईल तो भाव सांगतात. सुट्टी तीच ठेवा, फक्त लक्ष्मीपूजन-पाडवा घरी करून त्यानंतरच्या आठवड्यात निघा. नरकासुर जाळून, फोव खाऊन जायचं. हवेचं म्हणाल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिकडे परतीचा पाऊस असतो, दुपारनंतर गडगडाट. फिरायचं ते सकाळी.

आता हाउसबोट. एका रात्रीचे पैसे वाचवायचे असतील तर आलप्पुळ्याला राज्य जलवाहतूक खात्याच्या बोटी आहेत. आलप्पुळा ते कोट्टायम अशी फेरी असते, अडीच तासांच्या आसपास. तिकीट आपल्या बसच्या तिकिटासारखं किरकोळ. त्याच बोटीतून गावातली माणसं बाजाराला जातात, शाळेची मुलं चढतात-उतरतात, दोन्ही बाजूंना भाताची शेतं पाण्यापेक्षा खालच्या पातळीवर दिसतात. आपल्या दिवाडी बेटावरच्या खाजन शेतीसारखंच, पण अफाट. हाउसबोटीत तुम्ही बहुतेक वेळ जेवत असता, आणि संध्याकाळी ती कुठेतरी कडेला बांधून ठेवतात. रात्रीचे पैसे तुम्ही बांधलेल्या बोटीचे देता. मुलांना हवीच असेल तर दिवसाची दोन-तीन तासांची शिकारा बोट घ्या.

कोचीत टॅक्सी नको. २०२३ पासून वॉटर मेट्रो आहे, भाडं २० पासून ४० रुपयांपर्यंत. हायकोर्ट जेट्टीवरून फोर्ट कोचीला जा. आपल्याकडे बेतीच्या फेरीबोटीत चालत चढलं तर फुकट, तसं तिथे नाही, पण बोटी नव्या कोऱ्या आणि वातानुकूलित.

रेल्वेने जात असाल तर मडगावहून मंगला, नेत्रावती वगैरे आहेत, रात्रभराचा प्रवास, म्हणजे एका रात्रीचं हॉटेल वाचलं.

सुकें बांगडें

हाउसबोटीचं असं कोणी आधी सांगितलं नव्हतं. माझ्या भावाने मागच्या वर्षी तिथेच अर्धं बजेट घालवलं आणि सगळे फोटो बांधलेल्या बोटीतले.

अंत्रूजवासी

सगळ्यांचे आभार. काल रात्री जेवणानंतर टेबलावरच बैठक झाली. माटोळीताईंचा नियम लावला, प्रत्येकाने आपलं सांगायचं. मी: तीन दिवस बस, आणि ऑनलाइन वस्तू टोपलीत टाकून आठवडाभर ठेवायची, तरीही हवीशी वाटली तरच पैसे भरायचे. बायको: बाहेरचं जेवण महिन्यातून एकदाच, पण त्या दिवशी ती स्वयंपाकघरात पाऊल टाकणार नाही. आणि बाकीच्या तीन रविवारी रात्रीचं मी करायचं, ही पुरवणी अट. मुलगी आइस्क्रीमवर अडून बसली, मग तिने दर महिन्याला येणारं गेमचं रिचार्ज सोडलं. धाकट्याने काही सोडलं नाही. तो म्हणाला, मी खर्चच करत नाही, तुम्ही करता. बरोबर आहे.

हिशोब घातला. स्कूटरचे बसभाडं वजा जाऊन हजार-अकराशे, बाहेरचं जेवण पंधराशेच्या आसपास, माझी ऑनलाइन खरेदी हजार, शनिवारचं भटकणं निम्मं केलं तर आठशे, रिचार्ज दोनशे. ओढूनताणून साडेचार हजार. सातचा आकडा काही गाठला नाही. आणि मे आणि चवथीचा महिना सोडले तर आठच महिने धरायचे, म्हणजे ३६ हजार.

मग बायको म्हणाली, वाचवायचं वाढत नाही तर सहल कमी करूया. हाउसबोट गेली. मुन्नार दोन रात्री, कोचीत वॉटर मेट्रो, गाडी फक्त मुन्नारपुरती. विमानाऐवजी रेल्वे. धाकटा अकराचा, त्याला बर्थ हवा तर पूर्ण भाडंच पडतं, ते धरलंय. एकूण अंदाज ४६ हजारांवर आला. वरचे दहा हजार बोनसमधून. आईने तिच्या पेन्शनमधले द्यायची तयारी दाखवली होती, पण नको म्हटलं.

बँकेत आवर्ती ठेव उघडली, साडेतीन हजारांची. उरलेले हजार रोख डब्यात, कारण बसचा दिवस चुकला किंवा कोणी पाहुणा आला की ठेव मोडायला लागू नये. डबा आईच्या कपाटात.

झुआरीपल्याड

बरं जमवलंत. आवर्ती ठेव दहा महिन्यांची असेल तर मे आणि चवथीच्या महिन्यातले हप्तेही भरावेच लागतील, चुकले तर दंड बसतो. त्या दोन महिन्यांचे सात हजार आताच बोनस आला की वेगळे काढा. ते शेवटी ठेवीतून परतच येतात, म्हणजे दहा हजारांतलेच ते धरा.

पूर्वी कोचीत

तिकिटाचं एक. आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं, आधी १२० होतं, नोव्हेंबर २०२४ पासून कमी केलं. सकाळी ८ ला खिडकी उघडते. तुमचं रेल्वे तिकिटांचं खातं आधारशी जोडलेलं नसेल तर आजच जोडून ठेवा, त्या दिवशी सकाळी धावपळ नको. आणि परतीचं तिकीट त्या-त्या तारखेला वेगळं उघडतं. जायचं काढलं आणि यायचं विसरलं, असं माझ्या ओळखीत अनेकांचं झालंय, मग तत्काळच्या भावाने वाचवलेले पैसे गेले.

माटोळी

आईंसाठी खालचा बर्थ लागेल ना? ज्येष्ठांची भाड्यातली सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, त्याची आशा ठेवू नका. पण खालच्या बर्थचा कोटा आहे, बायकांना ४५ वर्षांपासून आणि पुरुषांना ६० पासून. अट अशी की त्या तिकिटावर एकटी व्यक्ती किंवा त्याच वयात बसणाऱ्या दोघीच हव्यात. पाच जणांचं एकच तिकीट काढलंत तर तो कोटा लागत नाही आणि आईंना मधला बर्थ मिळू शकतो.

अंत्रूजवासी

हे माहीतच नव्हतं. म्हणजे आईचं तिकीट वेगळं काढतो. तिला सांगितलं तर म्हणते, एकाच डब्यात असलं पाहिजे आणि रात्री डबा कोण सांभाळणार ते आधी ठरवा. जेवणाचा डबा.

सुकें बांगडें

पहिल्या रात्रीसाठी घरूनच न्या. पोळ्या, सुकी बटाट्याची भाजी, चटणी. सुकी मासळी मात्र नको, एसी डब्यात सगळ्यांना कळेल कुठून आलात ते.